तोंड दाखवायचा परवाना

आईला नागपूरच्या विमानतळापर्यंत न्यायचं नाही, हे आदल्या दिवशीच ठरलं होतं. ती तिथवर आली असती तर परतीच्या वाटेत माझ्या धाकट्या भावाच्या, अमोलच्या, जिवाला घोर लागला असता. म्हणून आमच्या एकोडी गावाहून जीप निघाली ती आईला कारध्याला मावशीकडे सोडायचं ठरवूनच. साकोली गेलं. लाखनीला ट्रकांच्या रांगेत अर्धा तास गेला. आई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत बसली होती. माझ्याकडे बघितलं असतं तर बोलावं लागलं असतं, आणि तिला ते नको होतं. आईला ऐकू येत नाही. तिनं तोंड फिरवलं की आमच्या घरात बोलणं संपतं.

कारध्याच्या फाट्यावर ती उतरली. पुढं वैनगंगेचा पूल, पलीकडे भंडारा. तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं, मी लहान असताना वळवायची तसं, आणि पानठेल्यावरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "रोज तोंड दाखवजो. एकही दिवस चुकवू नको."

मी मान हलवली. त्यात काय मोठं, असं वाटलं मला. नागपूरच्या एका खाजगी दवाखान्यात मी चार वर्षं नर्स होते, आणि चारही वर्षं ड्युटी संपली की संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून आईला तोंड दाखवत होते. फोनला नागपूर काय आणि समुद्रापलीकडचा देश काय, सारखंच. नर्सिंगचं शिकलेल्या बाईला एवढी अक्कल असायला हरकत नव्हती की सारखं नसतं.

देशाचं नाव लिहीत नाही. आखातातला एक देश, एवढं पुरे. हे लिहितेय तेव्हा माझी ड्युटी अजून तिथंच आहे.

आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कुणाला कळायचं नाही. मी आठ वर्षांची असताना मोठ्या तापात तिचे कान गेले. बोलणं शाबूत राहिलं, फक्त आवाज चढला. शाळा तिनं दुसरीतच सोडलेली. सही करते, वाचत नाही. त्यामुळे तिच्याशी बोलायचं तर ओठ दाखवायचे आणि हात चालवायचे. हातांची ही भाषा कुठल्या शाळेतली नव्हे, आमच्या घरात तयार झालेली. डाव्या भुवईवर बोट ठेवलं की ती मी, कारण तिथं मला विळा लागल्याची खूण आहे. गालावर मूठ म्हणजे अमोल, लहानपणी तो गुबगुबीत होता. तीन बोटांची चिमूट खाली दाबली की धानाची रोवणी, आणि त्यावरून पावसाळा. रोवणीच्या बायका मागं मागं सरकत जातात, मागून कोण हाक मारतंय ते आईला कळायचं नाही. म्हणून तिच्या दोन्ही बाजूंच्या बायका कोपरानं ढोसून सांगायच्या. पाचसहा बायकांना तरी आमची भाषा येते. बाकी जगात कुणालाच नाही.

बाबा होते तोवर घरात एकच नियम कडक होता. आईकडे पाठ करून कुणी बोलायचं नाही. "तिच्याकडं पाठ करून बोलू नका रे," ते म्हणायचे, "तिले वाटते आपल्याबद्दलच बोलून राहिले." हा नियम बाबांनी स्वतःच एकदा मोडला. आईच्या पोटाचं ऑपरेशन झालं होतं, आणि त्याच आठवड्यात तिचा भाऊ वारला. टाके निघेपर्यंत तिला सांगायचं नाही असं ठरलं. आठ दिवस घरातली सगळी माणसं दाराकडे तोंड करून, भिंतीकडे तोंड करून बोलत राहिली. टाके निघाले आणि तिला कळलं. तेव्हा ती रडली नाही. बाबांना एवढंच म्हणाली, "मले पाठी दिसत होत्या." त्यानंतर घरात कुणाची पाठ दिसली की ती हातातलं काम टाकून उठायची.

तर मी पोचले. हॉस्टेलची खोली छान होती, खिडकीतून पार्किंग दिसायचं. पहिल्याच संध्याकाळी मी एकोडीतल्या प्रत्येक फोनात असतं ते हिरव्या रंगाचं अॅप उघडलं आणि रंजनाला, म्हणजे अमोलच्या बायकोला, व्हिडिओ कॉल लावला. रिंग गेली. रंजनानं उचलला. मग पडदा काळा, आणि फोन कट. परत लावला, परत तेच. सात वेळा लावला. वायफायला शिव्या दिल्या. पलीकडच्या पलंगावर लिजी होती, कोट्टायमची, सहा वर्षांपासून इथं. ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "सिस्टर, इधर वो नहीं चलता. मना है."

मनाई आहे म्हणजे काय, ते समजायला मला दोन दिवस लागले. इथल्या सरकारचं म्हणणं असं, की इंटरनेटवरून बोलणं हाही टेलिफोनच, आणि टेलिफोन चालवायचा तर परवाना हवा. ज्या अॅपनं परवाना घेतला त्यावर बोला. बाकीच्यांवर लिहा, फोटो पाठवा, गाणी पाठवा, सुविचार पाठवा, पण बोलू नका. मी तो नियम इंग्रजीतून शोधून वाचला. त्यात सुरक्षितता होती, सेवेचा दर्जा होता, ग्राहकाचं हित होतं. ग्राहक म्हणजे मी. माझ्या हितासाठी माझ्या आईला मी दिसायची बंद झाले होते.

गावाकडच्यांना हे सांगितलं तर त्यांना वाटायचं मी थापा मारते. "एवढ्या मोठ्या देशात व्हिडिओ नाही लागत? आमच्या कारध्यात लागते," असं मावशी म्हणाली. आणि जे माझ्याआधी इकडे आले होते त्यांना त्यात नवल वाटत नव्हतं. "साधा फोन करायचा ना," म्हणायचे. साधा फोन बंद थोडाच आहे? खरं आहे. सगळ्या जगासाठी तो चालू होता.

साधा फोनही करून पाहिला. मी अमोलला सांगायची आणि तो आईला हातांनी सांगायचा. मी म्हणायची, आज वॉर्डात एक म्हातारा पेशंट आला, त्याला बोलता येत नव्हतं, हात हलवत होता, मला आईची आठवण आली, आणि इथं भाकरी होत नाही, कुबूस नावाची मैद्याची रोटी खाते, ती चावून चावून जबडा दुखतो. मग अमोल म्हणायचा, "सांगितलं."

"काय सांगितलं?"

"पोट भरलं म्हणून सांगितलं."

अमोल वाईट नाही. लाखनीच्या राइस मिलमध्ये दिवसभर कोंड्याच्या धुळीत उभा राहून येतो, त्याला कादंबरी हातांनी सांगता येत नाही. पण मला त्याचा राग यायचा. मग आई फोन ओढून घ्यायची आणि बोलायची. तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू यायचा. "वैशाली, जेवली का? अंगावर ऊन घेऊ नको. वावराजवळच्या बोडीचं पानी आटलं औंदा. तुले काम जड जाते का?" मी इकडून उत्तरं देत बसायची, मोठ्यानं, हात हलवून हलवून. लिजी माझ्याकडे बघत राहायची. तिकडे आई फोन कानापासून काढून काळ्या पडद्यावर बघायची आणि म्हणायची, "नुसतं कारं दिसते."

परवानगी असलेलं एक अॅपही घेतलं मी. ते दोन्हीकडे लागतं. रंजनाकडून तिच्या फोनात ते कसंबसं घालून घेतलं. पण एकोडीत आमच्या घरात रेंज येते ती फक्त मागच्या परसदारी, आणि या अॅपला हिरव्या अॅपपेक्षा जास्त रेंज लागायची. चित्र अडकायचं. ज्याला कान आहेत त्याला चित्र अडकलं तर चालतं. आमची भाषाच हातांची. हात वर जाताना अडकला तर एक अर्थ, खाली येताना अडकला तर दुसरा. एकदा मी "बरी आहे" म्हणत असताना चित्र थांबलं, आणि आईला माझा हात पोटावर दिसला. दोन दिवस ती रंजनाला विचारत होती, वैशालीचं पोट काहून दुखते.

मी तक्रार केली. इथल्या दूरसंचार कार्यालयाला नीट इंग्रजीत पत्र लिहिलं, माझी आई बहिरी आहे, तिला अक्षर येत नाही, तिला माझं तोंड दिसणं हाच आमचा टेलिफोन आहे. उत्तर सभ्य होतं. परवानाधारक सेवांची यादी जोडली होती, आणि साधी दूरध्वनी सेवा नेहमीप्रमाणे उपलब्ध असल्याचं कळवलं होतं. मी ते उत्तर लिजीला वाचून दाखवलं आणि एवढी हसले की तिनं मला पाणी दिलं.

चोरवाटा होत्या. हॉस्टेलमधल्या निम्म्या पोरी फोन दुसऱ्याच देशात असल्याचं भासवून बोलायच्या. मीही एकदा तसलं अॅप घेतलं, आणि बटण दाबायच्या आधी काढून टाकलं. सापडलं तर नोकरी, व्हिसा आणि नर्सिंगचं लायसन, तिन्हीला फटका. मी भित्री आहे. आमच्या घरातली पहिली सरकारी कागदांवर विश्वास ठेवणारी पोरगी आहे, भीती तिथूनच येते.

मग उरलं काय, तर आपलं आपण व्हिडिओ काढून पाठवणं. त्याला बंदी नव्हती. रोज दोन मिनिटं मी फोन खिडकीत ठेवून हात हलवायची. सुरुवातीला आई खूश झाली. रंजना सांगायची, दहा दहा वेळा बघते. मग आई त्या व्हिडिओशी बोलायला लागली. माझ्या बोटाला पट्टी दिसली तर तिनं विचारलं, "बोट काहून कापलं?" व्हिडिओतली मी इथल्या उन्हाचं सांगत होते. तिनं परत विचारलं. मी हसून उन्हाचं सांगतच राहिले. दुसऱ्या दिवशी मी बोटाचं उत्तर पाठवलं, तोवर तिचा प्रश्न वेगळा झाला होता.

आणि याच सुमारास गावातले एक गुरुजी वारले, त्यांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. विहारासमोर पडदा लावून त्यांच्या मुलानं त्यांचा जुना व्हिडिओ दाखवला. गुरुजी हात जोडून सगळ्यांना जयभीम करत होते. आई पुढच्या रांगेत होती. घरी येऊन रंजनाला म्हणाली, "मेलेला मानूस हासून राहिला होता."

रंजनानं मला हे गंमत म्हणून सांगितलं. मीही हसले.

तिकडे एकोडीत परवानगीचं अॅप नीट चालावं म्हणून अमोल आणि रंजना रोज संध्याकाळी खटपट करत होते. रेंज परसदारी, म्हणून दोघंही परसदारात उभे राहून, फोनात डोकं घालून, एकमेकांशी वाद घालत. तू हे दाबलं, तू ते काहून दाबलं. आई चुलीपाशी बसलेली असायची. तिला काय दिसत होतं? दोन पाठी. रोज संध्याकाळी, हळू आवाजात बोलणाऱ्या दोन पाठी. आणि फोनात हसणारी, विचारलेल्याचं उत्तर न देणारी पोरगी.

अमोलच्या हे लक्षात आलं नाही. माझ्याही आलं नाही. बाबा असते तर पहिल्या दिवशी दोघांना कान धरून आत ओढलं असतं.

त्या दिवशी मी वॉर्डात औषधांची ट्रॉली घेऊन उभी होते. अमोलचा मेसेज आला. "ताई, आई घरी नाही. सकाळपासून. भिंतीवरचा तुझा फोटो पण नाही."

मी मेसेज दोनदा वाचला. आमच्याकडचा रस्ता मला दिसायला लागला. साकोलीपासून पुढं हायवे, ट्रक एकामागे एक, आणि त्यात एक बाई जिला हॉर्न ऐकू येत नाही. अमोल मिल सोडून मोटरसायकलवर निघाला होता. मावशीनं कारध्याचा फाटा बघितला. दोन तास मी पेशंटांना औषधं दिली. कुणाला काय दिलं ते तीन वेळा तपासलं, कारण डोक्यावर भरवसा नव्हता.

मग भंडाऱ्याहून साधा फोन आला. मला इथं पाठवणारा एजंट. कागदपत्रांच्या वेळी आई दोनदा माझ्यासोबत त्याच्या ऑफिसात आली होती. एकोडीहून काळीपिवळी जीपनं साकोली, साकोलीहून एसटीनं भंडारा, आणि स्टँडवरून चालत, भिंतीवरचा माझा फोटो हातात घेऊन, ती एकटी तिथं पोचली होती.

"मॅडम, तुमची आई इथं बसून आहे," तो म्हणाला. "मी तुमचा व्हिसा दाखवला, नियुक्तीपत्र दाखवलं. त्यांनी सगळं बाजूला सारलं. म्हणतेत, कागद नोको, पोरगी दाखव. तवापर्यंत उठत नाही. आता काय करू सांगा? त्यांना वाटून राहिलं का तुम्ही वारल्या, अन् घरचे लपवून राहिले."

मागून आईचा आवाज येत होता. ती ऑफिसातल्या कुणाला तरी सांगत होती, "मले मालूम आहे कसं लपवतेत ते. मी बहिरी हाव, आंधळी नाही."

"व्हिडिओ लावा ना मॅडम," एजंट म्हणाला.

"इथून लागत नाही."

"हो, ते तर आहेच," तो म्हणाला, "मंग तुमचा इंटरव्ह्यू कसा झाला होता?"

इंटरव्ह्यू याच ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर झाला होता, हॉस्पिटलच्या मीटिंगच्या अॅपवर. त्याला परवाना होता. आमच्या वॉर्डाची मीटिंग दर बुधवारी त्याच अॅपवर व्हायची आणि मी दर बुधवारी तिथं बसून जांभया द्यायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं लोक म्हणतात, ते माझ्यासाठीच. मी नर्सिंग सुपरवायझरकडे धावले. सामिया मॅडम तशा कडक. मी काय बोलले मला आठवत नाही, अर्धं हिंदीत बोलले असणार. त्यांनी मीटिंगची खोली उघडून दिली, आणि तिथून मी एजंटच्या कॉम्प्युटरला कॉल लावला.

पडदा भिंतभर. त्यावर आईचं तोंड आलं. एवढं मोठं तिचं तोंड मी कधी बघितलं नव्हतं. गालावर धूळ होती. मी भुवईवर बोट ठेवलं, दोन्ही हात हलवले. ती हलली नाही. बरोबरच होतं, एवढं तर व्हिडिओतली पोरगीही करत होती.

"डोक्यावर हात ठेव," आई म्हणाली.

मी ठेवला.

"तो नाही, दुसरा."

मी दुसरा ठेवला.

ती पुढं वाकली. तिचे डोळे माझ्यावर, पापणी न लवता. "आता कान धर. दोन्ही. अन् उठाबशा काढ."

मी एकोणतीस वर्षांची स्टाफ नर्स, पांढऱ्या गणवेशात, गळ्यात ओळखपत्र. दारात सामिया मॅडम उभ्या. मी दोन्ही कान धरले आणि उठाबशा काढायला लागले. आई मोजत होती. एक. दोन. तीनला तिचा आवाज फाटला. चार तिनं म्हटलंच नाही. पदर तोंडाला लावून ती एजंटच्या टेबलावर डोकं टेकवून रडली, आणि मी कान धरूनच उभी होते, कारण मला पुरे कुणी म्हटलं नव्हतं.

मग तिनं डोकं वर केलं आणि एजंटला म्हणाली, "जित्ती हाय माही पोरगी." लगेच माझ्याकडे वळून, संतापून म्हणाली, "मंग एवढे दिवस काहून नाही दिसली?"

आता सांगा, काय सांगू? आमच्या भाषेत परवान्याला हात नाही. नियमाला नाही. दूरसंचाराला तर नाहीच. मी फोनची खूण केली, कुलपाची केली. तिनं विचारलं, "कोनं लावलं कुलूप?" मी वर बोट दाखवलं, सरकार या अर्थानं. तिनं वर बघितलं. एजंटच्या ऑफिसात वर पंखा होता. तिनं पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपल्या पोरीच्या डोक्यावर काही परिणाम झालाय का असा चेहरा केला. शेवटी एजंटनं तिच्यासमोर येऊन ओठ मोठे करून सांगितलं, "सरकारनं. तिकडच्या सरकारनं."

"सरकारले माह्या पोरीच्या तोंडानं काय होते?" आई म्हणाली.

नियम मी तीनदा वाचला होता. त्यात हे कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तेव्हापासून दर बुधवारी आमची मीटिंग सुरू झाली. बुधवारी अमोलची सुट्टी असते. तो आईला लाखनीला न्यायचा आणि मिलच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरसमोर बसवायचा. आई धुतलेलं लुगडं नेसून यायची, कपाळावर पावडर लावून. इकडे सामिया मॅडम मीटिंगच्या विषयाच्या रकान्यात 'रुग्ण शिक्षण' लिहायच्या. मला त्यांची गंमत वाटायची आणि त्यांच्याबद्दल मायाही. त्या अर्ध्या तासात मी माणसात यायची. आई विचारायची, मी तिथल्या तिथं सांगायची, ती तिथल्या तिथं चिडायची.

पाचव्या आठवड्यात हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागाचं पत्र आलं. मीटिंगचा परवाना संस्थेच्या कामकाजापुरता आहे, खाजगी संभाषणासाठी वापरल्यास नियमभंग होऊ शकतो, कृपया थांबवावे. सामिया मॅडमनी पत्र माझ्यापुढे ठेवलं आणि मान खाली घातली. मी खोलीवर येऊन उशीवर बुक्क्या मारल्या. लिजी म्हणाली सवय होते. मला ती सवय नको होती.

वर त्याच आठवड्यात अमोलनं वर्तमानपत्रातली बातमी वाचून दाखवली. आपल्याकडेही म्हणे नियम येतोय, ज्या नंबरावर अॅप सुरू केलं ते सिम त्याच फोनात असल्याशिवाय अॅप चालणार नाही. फसवणूक रोखण्यासाठी. माझं भारतातलं सिम एकोडीत, आईच्या स्टीलच्या डब्यात आहे. म्हणजे ते दोन मिनिटांचे मुके व्हिडिओ पाठवणंही एक दिवस बंद पडणार. अमोल म्हणाला, "ताई, हे बी चांगल्यासाठीच करून राहिले म्हनते." सगळे चांगल्यासाठीच करून राहिले आहेत, हे मला मान्य आहे. चोर पकडायला जाळं टाकतात आणि माझी आई सापडते.

माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. नवा करार टेबलावर आला होता. खरं सांगते, मला इथलं काम आवडतं. इथं माझं ऐकून घेतात. डॉक्टर मला विचारतात, पेशंटला काय वाटतं. नागपूरच्या कंत्राटी नोकरीत मला कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे सही न करणं सोपं नव्हतं, आणि हे मी मोठ्या मनानं वगैरे केलं असं कुणी समजू नये. मी ते चिडून केलं. एका अॅपच्या परवान्यावरून मला माझ्या हातचं चांगलं काम सोडावं लागतंय, याचा राग मला आयुष्यभर राहणार आहे. आईलाही मी तो दाखवणार आहे.

नवा करार नको असं कळवायच्या फॉर्ममध्ये कारणाचा रकाना होता. लग्न, पुढील शिक्षण, प्रकृती, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि पुढं लिहिलं, माझ्या आईला मी दिसत नाही. कारकुनानं ते वाचून सहानुभूतीनं विचारलं, आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे का? आमच्याकडे डोळ्यांचा विभाग उत्तम आहे. मी म्हटलं, तिचे डोळे अगदी ठीक आहेत.

इथं सुट्टीच्या दिवशी पोरी जमल्या की घर घर म्हणून बोलतात. कुणाला माशाचं कालवण आठवतं, कुणाला अंगण. मलाही आधी आठवायचं, रोवणीच्या दिवसांतला चिखलाचा वास, चुलीवरचा भात. आता तसं होत नाही. आता घर म्हटलं की मला एवढंच कळतं, मी विचारलं आणि समोरचा हात लगेच हलला, ती जागा. मग ती एकोडी असो, लाखनीच्या मिलचं ऑफिस असो, नाहीतर इथली मीटिंगची खोली असो. पाच आठवडे माझं घर त्या खोलीत होतं. मागं राहिलेल्यांनो, तुम्ही आमच्या नावानं रडता तेव्हा आम्ही इकडे सुखात असतो असं नाही. आणि माझ्यासारखं निघून आलेल्यांनो, साधा फोन चालू आहे ना, असं दुसऱ्या कुणाला म्हणण्याआधी त्याच्या घरी कोण आहे ते विचारा.

काल साधा फोन केला. अमोलला म्हटलं, आईला सांग, मी पुढच्या महिन्यात येते, कायमची. तो थांबला, तिला हातांनी सांगत असणार. मग आईचा आवाज आला, नेहमीसारखा मोठा.

"तू म्हनशील अन् मी मानन काय? दिसू दे पहिले."

"येते, आई. खरंच येते," मी म्हटलं. अमोलनं ते तिला सांगितलं की नाही, मला दिसलं नाही.